फाउंटन पेनच्या प्रचलित शाया आणि त्यांच्या निवडीमागील कारणे : दस्तऐवजाच्या टिकाऊपणाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रात जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना अर्जदाराला विशिष्ट दिनांकापूर्वीचा पुरावा सादर करावा लागतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे ते दिनांक होत. या पुराव्यांत वडिलांच्या वा आजोबांच्या शाळेतील प्रवेशनोंदवहीचा, म्हणजेच जनरल रजिस्टरचा, उतारा महत्त्वाचा मानला जातो. २०२३ मध्ये राज्य शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हाही कुणबी नोंदींच्या शोधात महसुली कागदांबरोबर शाळांच्या जुन्या नोंदवह्या उघडल्या गेल्या. टाकाने किंवा फाउंटन पेनने आपण लिहीत असलेली एक ओळ पुढे साठ-सत्तर वर्षांनी कुणाच्या तरी नातवाच्या शिक्षणाचा आधार ठरेल, याची कल्पना त्या नोंदी करणाऱ्या गुरुजींना असण्याचे कारण नव्हते. नोंद वाचता येते की नाही, यावर पुढचे बरेच काही ठरते. आणि ती वाचता येणे हे हस्ताक्षर व कागद यांच्याइतकेच शाईवर अवलंबून असते.

आज बहुतेक लेखन बॉलपेनने, जेलपेनने किंवा संगणकावर होते. तरीही प्राध्यापकवर्गात फाउंटन पेन वापरणाऱ्यांची संख्या अगदीच नगण्य नाही. इतिवृत्तावरील सही, हजेरीपत्रक, गुणनोंदी, टाचणवही, संशोधनाची टिपणे यांसाठी अनेकजण आवर्जून शाईचे पेन वापरतात. गेल्या दोन दशकांत देशी-विदेशी शायांचे जेवढे प्रकार उपलब्ध झाले तेवढे पूर्वी कधीही नव्हते. परंतु पेन घेताना जेवढा विचार केला जातो तेवढा शाई घेताना होत नाही. सवय, रंग किंवा दुकानात हाती लागलेली बाटली यांवरच निवड होते. या निवडीला काही शास्त्रीय व व्यावहारिक आधार आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) फाउंटन पेनच्या शाईची घटकरचना व कार्यपद्धती समजून घेणे.
२) सध्या वापरात असलेल्या शायांचे त्यांच्या रासायनिक स्वरूपानुसार वर्गीकरण करणे.
३) वापरणारे विशिष्ट शाई का निवडतात, त्या कारणांचा परामर्श घेणे.
४) महाविद्यालयीन दस्तऐवजांसाठी शाईची निवड कोणत्या निकषावर व्हावी, याची दिशा सुचविणे.

१. शाईचे घटक व कार्य

फाउंटन पेनच्या शाईत सर्वाधिक भाग पाण्याचा असतो. त्यात रंग देणारा घटक, निबेवर शाई लवकर सुकू नये म्हणून ग्लिसरीन किंवा ग्लायकॉलसारखा ओलावा धरून ठेवणारा पदार्थ, पृष्ठताण कमी करणारा पदार्थ, बुरशी रोखणारे संरक्षक द्रव्य आणि शाई ठरावीक आम्लतेवर स्थिर ठेवणारे आम्ल किंवा अल्कली मिसळलेली असते. या साऱ्यांचे प्रमाण अल्प असले तरी शाईचा स्वभाव त्यांवरच ठरतो.

पेनमधून शाई खाली येते ती केवळ गुरुत्वाकर्षणाने नव्हे. निबेची फट आणि तिच्याखालील फीडमधील बारीक खाचा यांमधून केशाकर्षणाने ती पुढे सरकते आणि जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा आत घेतली जाते. शाई फार सहज पसरणारी असेल तर रेघ जाड उमटते आणि कागद भिजतो. ती फारच आखडती असेल तर अक्षर मध्येच तुटते. म्हणून फाउंटन पेनची शाई पातळ असावी लागते आणि तिच्यात फीडच्या खाचांत अडकेल असा जाड कण असून चालत नाही. चित्रकलेसाठी मिळणारी लाखयुक्त, पाण्याने न जाणारी ड्रॉइंग इंक फाउंटन पेनमध्ये भरू नये असे सांगितले जाते, त्यामागील कारण हेच. लाख एकदा खाचांत वाळली की पाण्याने निघत नाही.

यावरून एक मूलभूत पेच लक्षात येतो. पेनच्या दृष्टीने उत्तम शाई म्हणजे जी पाण्यात सहज विरघळते आणि धुतली की निघून जाते. कागदावरील अक्षराच्या दृष्टीने उत्तम शाई म्हणजे जी एकदा वाळली की कशानेही निघत नाही. फाउंटन पेनच्या शाईचा इतिहास हा या दोन परस्परविरोधी मागण्यांत समतोल शोधण्याचा इतिहास आहे.

२. ऐतिहासिक पूर्वपीठिका

बोरूच्या काळात हा पेच फारसा जाणवत नसे. दिव्याच्या काजळीत डिंकाचे पाणी खलून केलेली मशी बोरूच्या टोकाला लावून लिहिता येई. काजळी म्हणजे कार्बन. तो प्रकाशाने उडत नाही आणि काळाच्या ओघात रासायनिक रीत्या बदलत नाही. मोडी दप्तरांतील अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीची अक्षरे आजही काळीभोर दिसतात ती यामुळे. लेखन टिकावे ही जाणीवही त्या काळी होती. समर्थ रामदासांच्या दासबोधातील लेखनक्रियेवरील समासात कागदाच्या चारही बाजूंना जागा सोडून मध्ये लिहावे, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला इजा होणार नाही, असा व्यवहारी सल्ला दिलेला आहे.

काजळीबरोबरच टॅनिन आणि लोह यांची शाईही आपल्याकडे परिचित होती. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातला की काळा रंग तयार होतो. युरोपात हिरड्याच्या जागी ओकच्या झाडावरील गाठी वापरत. बाळगुटीत उगाळले जाणारे मायफळ ते हेच. मध्ययुगापासून विसाव्या शतकापर्यंत युरोपातील बहुतांश दप्तर या शाईने लिहिले गेले. इंग्लंडमध्ये हेन्री स्टीफन्स यांनी १८३२ मध्ये सुरू केलेला निळ्या-काळ्या शाईचा व्यवसाय याच परंपरेतील होता. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी मॉव्ह हे कृत्रिम रंजक शोधले आणि कोळशाच्या डांबरापासून विविध रंग मिळविण्याचा मार्ग खुला झाला. १८८४ मध्ये लुईस वॉटरमन यांनी फाउंटन पेनचे पेटंट मिळविले. बारीक खाचांचे पेन आणि पाण्यात पूर्ण विरघळणारे कृत्रिम रंजक हे एकमेकांना पूरक ठरले आणि विसाव्या शतकात शाईचे स्वरूप पालटले.

भारतात या उद्योगाला स्वदेशीच्या चळवळीने बळ दिले. दिगंबर परशुराम दांडेकर यांनी बंधू गोविंद यांच्यासह १९३१ मध्ये मुंबईत शाईच्या पुडी व गोळ्यांचा ‘हॉर्स ब्रँड’ व्यवसाय आरंभिला. त्यातूनच पुढे ‘कॅमल’ शाई आणि कॅम्लिन हा उद्योग उभा राहिला. मराठी शाळांतील कित्येक पिढ्यांच्या बोटांना लागलेली शाई ती हीच. २०११ मध्ये जपानच्या कोकुयो समूहाने या कंपनीत बहुसंख्य भागभांडवल घेतले. बंगालमध्ये मैत्र बंधूंनी १९३४ मध्ये राजशाही येथे ‘सुलेखा’ शाईचे उत्पादन सुरू केले. पुढे ते कलकत्त्यात स्थिरावले, १९८० च्या दशकाअखेरीस बंद पडले आणि २०२० मध्ये ही शाई पुन्हा बाजारात आली.

३. प्रचलित शायांचे वर्गीकरण

सध्या वापरात असलेल्या शाया त्यांतील रंग देणाऱ्या घटकानुसार प्रामुख्याने चार गटांत विभागता येतात.

३.१ रंजकाधारित शाया

कॅमल, ब्रिल, सुलेखा, कृष्णा या देशी आणि पार्कर क्विंक, वॉटरमन, पेलिकन, लॅमी, डायमाइन, पायलट या विदेशी नावांच्या बहुसंख्य शाया या गटात मोडतात. रंजक पाण्यात पूर्णपणे विरघळलेले असते; त्यामुळे निबेत गाळ साचत नाही आणि पेन साध्या पाण्याने स्वच्छ होते. पार्कर कंपनीने १९३१ मध्ये बाजारात आणलेल्या क्विंकचे नावच ‘लवकर वाळणारी शाई’ या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांच्या संयोगातून आले आहे.

या गटातील सर्वाधिक लोकप्रिय रंग म्हणजे रॉयल ब्लू. त्यातील निळे रंजक सामान्यतः ट्रायअरिलमिथेन कुलातील असते. या रेणूच्या मध्यभागी असलेल्या कार्बनभोवती तीन वलये जोडलेली असतात आणि त्यांमधील अखंड इलेक्ट्रॉन-साखळीमुळे निळा रंग दिसतो. सल्फाइटसारखा पदार्थ मधल्या कार्बनला जोडला गेला की ही साखळी तुटते आणि अक्षर दिसेनासे होते. जर्मनीतील शाळकरी मुले चूक पुसण्यासाठी जे शाई-खोडक पेन वापरतात ते याच तत्त्वावर चालते. रंजक कागदातून निघून गेलेले नसते, केवळ रंगहीन झालेले असते. मुलांच्या वहीसाठी हा गुण सोयीचा आहे. गुणपत्रकासाठी तोच दोष ठरतो. शिवाय ही अक्षरे पाण्याने पसरतात आणि दीर्घकाळ प्रकाशात राहिल्यास फिकी पडतात. उत्तरपत्रिका तपासताना वापरली जाणारी लाल शाई तर याहून नाजूक असते. लाल शाईत पूर्वापार वापरले जाणारे इओसिन हे रंजक प्रकाशात लवकर उडते.

३.२ लोह-टॅनिन शाया

‘ब्लू-ब्लॅक’ हे नाव मुळात या शाईचे. फेरस लोह आणि टॅनिक किंवा गॅलिक आम्ल यांचे संयुग द्रावणात जवळजवळ रंगहीन असते. लिहिताना अक्षर दिसावे म्हणून त्यात निळे रंजक घालतात. कागदावर हवेतील प्राणवायूचा संपर्क आला की फेरस लोहाचे फेरिकमध्ये रूपांतर होते आणि कागदाच्या तंतूंतच काळे, अविद्राव्य संयुग तयार होते. त्यामुळे सकाळी निळे असलेले अक्षर पुढील काही तासांत व दिवसांत गडद होत जाते. वरचे निळे रंजक पाण्याने वाहून गेले तरी काळे अक्षर मागे राहते.

लिहिण्याआधीच हे संयुग दौतीत तयार होऊ नये म्हणून शाई आम्लधर्मी ठेवावी लागते. जुन्या युरोपीय हस्तलिखितांत याच आम्लाने आणि अतिरिक्त लोहाने कागद अक्षराच्या रेघेवरच कुरतडला गेल्याची उदाहरणे ग्रंथसंवर्धकांना परिचित आहेत. आधुनिक फाउंटन पेन शाईत लोहाचे प्रमाण बरेच कमी असते. भारतीय मानकांतही ०.१ टक्के लोहाच्या फाउंटन पेन शाईसाठी २२० क्रमांकाचे आणि रंजकाधारित शाईसाठी १२२१ क्रमांकाचे स्वतंत्र मानक आहे. दोन्ही शाया एकाच बाटलीसारख्या दिसत असल्या तरी मानककारांनी त्या भिन्न वस्तू मानल्या, ही बाब बोलकी आहे.

आज या गटात डायमाइनची रजिस्ट्रार्स इंक, रोरर अँड क्लिंगनरच्या सॅलिक्स व स्कॅबिओसा, तसेच जपानी प्लॅटिनमची ब्लू-ब्लॅक या शाया वापरात आहेत. इंग्लंड व वेल्समध्ये विवाहनोंदी दीर्घकाळ रजिस्ट्रार शाईनेच होत. ४ मे २०२१ पासून तेथे इलेक्ट्रॉनिक नोंद सुरू झाली. बाजारातील प्रत्येक ब्लू-ब्लॅक मात्र लोहयुक्त नसते. अनेक उत्पादक आज हे नाव केवळ रंगछटेसाठी वापरतात. जुन्या अनुभवावर विसंबून ब्लू-ब्लॅक घेणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

३.३ रंगद्रव्याधारित शाया

काजळीची जुनी मशी या शायांच्या रूपाने नव्या पेनमध्ये परतली, असे म्हणता येईल. रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही. त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगते ठेवलेले असतात. प्लॅटिनमची कार्बन इंक आणि सेलरची किवागुरो ही याची प्रसिद्ध उदाहरणे. कण फीडच्या खाचांतून जाण्याइतके सूक्ष्म करणे आणि ते एकमेकांना चिकटू न देणे हे तंत्र साध्य झाल्यामुळे फाउंटन पेनमध्ये कार्बन वापरता येऊ लागला. ही शाई वाळल्यावर पाणी, प्रकाश आणि विरंजक यांपैकी कशालाही सहसा दाद देत नाही. मात्र पेन आठवडेच्या आठवडे न वापरता पडून राहिले आणि शाई आतच वाळली तर ती काढणे कष्टाचे होते. रोज लिहिणाऱ्याची ही शाई आहे. सणासुदीला पेन काढणाऱ्याची नव्हे.

३.४ सेल्युलोजशी संयोग पावणाऱ्या शाया

सुती कापडावर पक्का रंग बसविण्यासाठी १९५६ पासून रिअ‍ॅक्टिव्ह रंजके व्यापारी प्रमाणावर वापरात आली. ती कापसाच्या सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडतात आणि म्हणून धुण्याने जात नाहीत. कागदही सेल्युलोजचाच असल्याने तशाच तत्त्वाचा उपयोग शाईत करता येतो. अमेरिकेतील नूडलर्स या उत्पादकाची काळी शाई सेल्युलोजशी संयोग पावणारी म्हणून ओळखली जाते. धनादेशावरील मजकूर रसायनांनी धुऊन नवा मजकूर लिहिण्याच्या फसवणुकीला आळा बसावा, हा अशा शायांच्या निवडीमागील प्रमुख हेतू आहे. ही शाई तंतूंपर्यंत पोहोचली तरच पक्की होते. अतिगुळगुळीत कागदावर वर राहिलेली शाई बोट फिरविल्यास पुसली जाते.

४. निवडीमागील कारणे

४.१ पेनची सुरक्षितता : बहुसंख्य वापरकर्ते रंजकाधारित शाई निवडतात त्याचे पहिले कारण हे आहे. वडिलांकडून आलेले किंवा निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेले पेन बिघडू नये ही इच्छा स्वाभाविक आहे. आम्लधर्मी शाई साध्या पोलादी निबेला कालांतराने गंजवू शकते. सोन्याची निब तिला दाद देत नाही. लोहयुक्त किंवा रंगद्रव्याची शाई वापरणाऱ्याने पेन ठरावीक काळाने धुतले तर धोका बराच कमी होतो.

४.२ कागद व देवनागरी लिपी : कार्यालयीन नोंदवह्यांचा कागद अनेकदा शोषक असतो. त्यावर सहज पसरणारी शाई तंतूंमधून फुटते आणि मागील पानावर उमटते. देवनागरीच्या बाबतीत याचे परिणाम विशेष गंभीर आहेत. ‘भ’ आणि ‘म’, तसेच ‘ध’ आणि ‘घ’ यांतील दृश्य भेद मुख्यतः शिरोरेषेतील छोट्या खंडावर अवलंबून असतो. शाई फुटून तो खंड भरला तर ‘भोरे’ आडनाव ‘मोरे’ वाचले जाऊ शकते. अनुस्वाराचा ठिपका पसरला की तो डागासारखा दिसतो. याशिवाय अनेक लेखक आधी शब्द लिहून मग त्यावर शिरोरेषा ओढतात. म्हणजे ओल्या अक्षरांवरून निब पुन्हा एकदा आडवी फिरते. शाई सावकाश वाळणारी असेल तर अक्षरांचे वरचे टोक फासले जाते. रोमन लिपीच्या लेखकांनी वाखाणलेली शाई देवनागरी लिहिणाऱ्याला सोयीची पडेलच असे नाही, याचे हे कारण आहे. लोहयुक्त शाया सामान्यतः कमी पसरतात आणि रेघ बारीक ठेवतात. त्यामुळे शोषक कागदावर मराठी लिहिण्यास त्या अनुकूल ठरतात.

४.३ हवामान : कोकणातील पावसाळ्यात शाई वाळण्यास वेळ लागतो आणि उघड्या राहिलेल्या बाटलीत बुरशी धरण्याचा संभव वाढतो. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात याउलट पाणी लवकर उडून पेनमधील शाई दाट होते. एकच शाई रत्नागिरीत उत्तम आणि नांदेडमध्ये अडखळणारी वाटते ती यामुळे.

४.४ रंग व सौंदर्य : पायलट कंपनीने २००७ मध्ये इरोशिझुकु ही शाईमालिका आणली आणि जपानी निसर्गातील दृश्यांवरून रंगांना नावे दिली, ‘यामा-बुदो’ म्हणजे रानद्राक्षे. एकाच अक्षरात फिकट-गडद छटा देणाऱ्या अशा शाया खासगी लेखनासाठी आवडीने घेतल्या जातात. लेखनातील आनंद हे कारण गौण मानण्याचे प्रयोजन नाही. रोज चार पाने टिपणे काढणाऱ्याला तो आनंदच बसून लिहावयास लावतो.

४.५ किंमत व स्वदेशी : कॅमल किंवा ब्रिलची बाटली विदेशी शाईच्या तुलनेत फारच स्वस्त पडते आणि गावातल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळते. सुलेखाने पुनरागमनानंतर ‘स्वदेशी’, ‘स्वराज’, ‘स्वाधीन’ अशी नावे निवडली, यावरून शाईशी जोडलेली ऐतिहासिक भावना अजून ओसरलेली नाही हे दिसते.

४.६ कार्यालयीन संकेत : केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीनुसार टिपणी निळ्या वा काळ्या शाईत करावयाची असून लाल वा हिरवी शाई सहसचिव व त्यावरील अधिकाऱ्यांनी क्वचित प्रसंगी वापरावी असा संकेत आहे. हिरव्या शाईतील सहीला आपल्याकडे जे वजन आहे ते अशा संकेतांतून आले. तथापि हिरवा रंग अधिकार सुचवितो. त्यावरून सहीच्या टिकाऊपणाचा कोणताही निष्कर्ष निघत नाही.

या कारणांचा एकत्रित विचार करता एक गोष्ट स्पष्ट होते. पेन, कागद, हवामान, आवड आणि किंमत ही सर्व कारणे लिहिण्याच्या क्षणाशी निगडित आहेत. लिहिल्यानंतर त्या अक्षराचे काय होणार, हा विचार निवडीत सर्वांत शेवटी येतो किंवा येतच नाही.

५. महाविद्यालयीन दस्तऐवज आणि शाई

महाविद्यालयात होणाऱ्या लेखनाचे आयुष्य सारखे नसते. व्याख्यानाची टाचणे वर्ष-दोन वर्षे उपयोगी पडतात. प्रवेशनोंदवही, शाळा-महाविद्यालय सोडल्याच्या दाखल्याची स्थळप्रत, गुणनोंदी, सेवापुस्तक आणि सभांची इतिवृत्ते यांची गरज मात्र पन्नास वर्षांनीही पडू शकते. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून सादर झाल्यास तो खरा असल्याचे गृहीत धरण्याची न्यायालयाला असलेली मुभा पूर्वीच्या पुराव्याच्या कायद्याच्या ९०व्या कलमात होती आणि ती २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. परंतु या तरतुदीचा लाभ मिळण्यासाठी तीस वर्षांनंतर कागदावर अक्षर उरलेले असावे लागते.

अशा नोंदींना तीन प्रकारचा धोका संभवतो. पहिला पाण्याचा. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्याने २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांत महापूर अनुभवले. पुरात भिजलेली वही सावकाश वाळवून वाचविता येते. परंतु तीतील मजकूर धुतल्या जाणाऱ्या निळ्या शाईत असेल तर वाचलेल्या वहीत निळसर डागांखेरीज काही उरत नाही. दुसरा धोका प्रकाश व काळ यांचा. तिसरा धोका मनुष्याचा, म्हणजे हेतुपुरस्सर फेरफाराचा. रंजकाधारित अक्षर घराघरांत मिळणाऱ्या विरंजकाने उडविता येते. लोहयुक्त अक्षर पाण्याला पुरून उरते, पण तेही ऑक्झॅलिक आम्लाने काढता येते. त्यामुळे ‘पर्मनंट’ या शब्दाचा अर्थ ‘अविनाशी’ असा घेऊ नये. या तिन्ही धोक्यांना एकत्रितपणे तोंड देण्यात कार्बन रंगद्रव्याची शाई सर्वांत सरस ठरते.

शाईच्या बाटलीवरील शब्दांवर विसंबण्यापेक्षा साधी चाचणी घेणे हितावह आहे. महाविद्यालयाच्या नोंदवहीच्याच कागदावर प्रचलित शायांनी एकच ओळ लिहून तिच्या चार पट्ट्या कराव्यात आणि आठवडाभर वाळू द्याव्यात. एक पट्टी तुलनेसाठी अंधारात ठेवावी. दुसरी चोवीस तास पाण्यात बुडवावी. तिसरी अर्धी झाकून महिना-दोन महिने उन्हाच्या खिडकीत ठेवावी. चौथीवर सोडियम हायपोक्लोराइटच्या सौम्य द्रावणाचा थेंब सोडावा. रसायनशास्त्र विभागाच्या सहकार्याने गाळण कागदावर वर्णलेखन केल्यास काळी वा निळी दिसणारी शाई किती रंजकांच्या मिश्रणातून झाली आहे हेही विद्यार्थ्यांना दाखविता येते. या प्रयोगाला लागणारे साहित्य कोणत्याही पदवी महाविद्यालयात उपलब्ध असते आणि त्यातून कार्यालयाला शाईविषयी स्वतःचा निर्णय घेता येतो.

निष्कर्ष

१) रंजकाधारित शाई पेनला सर्वाधिक मानवते, म्हणून टाचणे, टिपणे व खासगी लेखन यांसाठी ती योग्य आहे. कायम नोंदींसाठी, विशेषतः रॉयल ब्लूसारखी धुतली जाणारी शाई वापरू नये.
२) सेवापुस्तक, प्रवेशनोंदवही, गुणनोंदी व इतिवृत्ते फाउंटन पेनने लिहावयाची असल्यास कार्बन रंगद्रव्याची शाई प्राधान्याने निवडावी. ती उपलब्ध नसल्यास खात्रीची लोहयुक्त शाई घ्यावी. दोन्ही प्रकारांत पेन नियमितपणे वापरात ठेवणे व वेळोवेळी धुणे आवश्यक आहे.
३) ‘ब्लू-ब्लॅक’ व ‘पर्मनंट’ ही नावे टिकाऊपणाचा पुरावा मानू नयेत.
४) देवनागरी लेखनासाठी कमी पसरणारी व लवकर वाळणारी शाई निवडणे हा सुवाच्यतेचा, आणि त्या अनुषंगाने नोंदीच्या अचूकतेचा, प्रश्न आहे.
५) नोंदींचे संगणकीकरण झालेल्या संस्थांतही जुन्या हस्तलिखित नोंदवह्याच मूळ पुरावा राहतात. ज्या वह्यांतील अक्षरे फिकी पडू लागली आहेत त्यांच्या प्रतिमा विनाविलंब घेऊन ठेवाव्यात आणि मूळ वह्या कोरड्या, अंधाऱ्या जागी, जमिनीपासून उंचावर ठेवाव्यात.

नोंदवहीत विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख आणि जात लिहिणारा लिपिक किंवा प्राध्यापक त्या क्षणी एक रकाना भरत असतो. ज्याच्यासाठी ती नोंद पुढे निर्णायक ठरेल तो कदाचित अजून जन्मालाही आलेला नसतो आणि शाईच्या निवडीत त्याला काही सांगता येत नाही. त्याच्या वतीने हा विचार करणे लिहिणाऱ्याच्याच हाती आहे, आणि त्यासाठी लागणारा खर्च एका बाटलीपुरताच आहे.